निवृत्त इंजिनें व घरांतील कागद

घरांतील वडील माणूस गेल्यावर त्याच्या मागें राहिलेल्या वस्तूंची वाटणी बहुधा लवकर होते. भांडीं, दागिने, पुस्तकें यांना कोणी ना कोणी धनी मिळतो. परंतु ज्या वस्तु त्याच्या धंद्याच्या असतात, त्या कोणालाच नको असतात. वैद्याच्या घरचा खल किंवा शिंप्याच्या घरची कात्री निदान पाहतांक्षणीं ओळखूं तरी येते. रेल्वेंत आयुष्य घालविलेल्या माणसाच्या पेटींतून मात्र पितळी गुंड्या, चेंबलेला हातदिवा, कडा कुरतडलेलीं वेळापत्रकें आणि आंकड्यांनीं भरलेल्या वह्या निघतात. आणि त्यांचा अर्थ सांगणारा माणूस तर निघून गेलेला असतो. अशी पेटी असलेलीं कुटुंबें महाराष्ट्रांत थोडीं नाहींत. कल्याण, लोणावळें, इगतपुरी, मनमाड, भुसावळ, दौंड, कुर्डुवाडी या गांवांतील कितीतरी बिऱ्हाडें रेल्वेच्या पगारावर चाललीं. या पेटींतील वस्तूंवरून त्या माणसाच्या नोकरीचा माग कसा काढावा, आणि ज्या इंजिनांवर त्यानें काम केलें त्यांपैकीं कोणतीं आज पहावयास मिळतात, याविषयीं चार गोष्टी आज आपणांस सांगावयाच्या आहेत. उदाहरणासाठीं मी आमच्याच घरची पेटी उघडतों.

माझे आजोबा १९२६ सालीं कल्याणच्या शेडमध्यें क्लीनर म्हणून लागले व १९६० सालीं ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. त्यांच्याविषयीं आमच्या घरांत एकच गोष्ट मोठ्या अभिमानानें सांगितली जाई. ती ही कीं, आजोबा 'डेक्कन क्वीन' चालवीत. पुरावा म्हणून भिंतीवर एक छायाचित्र होतें. त्यांत विजेच्या इंजिनापुढें पांच माणसें उभीं आहेत व अगदीं कडेला आजोबा आहेत. डेक्कन क्वीन पहिल्यानें सुटली ती १ जून १९३० रोजीं, आणि हें छायाचित्र त्याच दिवशींचें, असें घरांतील प्रत्येक लहान मुलास सांगितलें गेलें होतें. पेटींत याशिवाय सेवेचा दाखला, निरनिराळ्या वर्षांच्या सात वह्या, एक हातदिवा आणि रेल्वेच्या अंतर्गत उपयोगाचीं दोन वेळापत्रकें होतीं. ही सामग्री तशी बेताचीच म्हणावयाची. परंतु नीट वाचल्यास ती पुष्कळ बोलते.

वाचावयास बसण्यापूर्वीं सनावळीचा एक सांगाडा समोर असावा. जी. आय. पी., म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, हिची पहिली उतारूंची गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास गेली. अंतर सुमारें २१ मैल व डबे १४ होते. भोर घाटांतील रस्ता १८६३ सालीं आणि थळ घाटांतील १८६५ सालीं खुला झाला. १९२५ च्या जुलैंत या रेल्वेचा कारभार कंपनीच्या हातून सरकारच्या हातीं आला. परंतु नांव तेंच राहिलें. पुढें ५ नोव्हेंबर १९५१ रोजीं निजाम स्टेट, सिंदिया स्टेट व धोलपूर या रेल्वेंसह तिची मध्य रेल्वे झाली. या तारखा ध्यानांत ठेवल्या म्हणजे वस्तूंचें वय ठरविण्यास मदत होते. 'मध्य रेल्वे' असें छापलेला कागद १९५१ पूर्वीचा असणें शक्य नाहीं. उलट हातदिव्यावर 'जी. आय. पी.' हीं अक्षरें ठोकलेलीं असलीं, तर तो दिवा केव्हां घडला याचा अंदाज येतो, केव्हां वापरला याचा नव्हे. कारण रेल्वेचें नांव बदललें म्हणून धडका दिवा कोणी फेंकून देत नाहीं. सेवेच्या दाखल्यांत मध्येंच खंड दिसल्यासहि एकदम तर्क करूं नये. १९३० सालीं जी. आय. पी. रेल्वेंत आणि १९७४ सालीं साऱ्या देशांतील रेल्वेंत मोठे संप झाले. घरच्या कागदांतील एखादी रिकामी ओळ अशा सार्वजनिक घटनेनें भरून निघते.

आतां सेवेचा दाखला पाहूं. त्यांत हुद्दे व तारखा यांपलीकडे कांहीं नसतें. परंतु हुद्द्यांचा क्रम समजून घेतला तर माणसाचें आयुष्य दिसूं लागतें. शेडमध्यें शिरणारा पोरगा प्रथम क्लीनर होई. इंजिनाची राख काढणें, तेल-चिंध्यांनीं दांडे पुसणें, पाणी भरणें हें त्याचें काम. त्यानंतर तो फायरमन होई. चालत्या इंजिनावर उभें राहून भट्टींत कोळसा टाकावयाचा आणि बॉयलरमधील पाण्याच्या पातळीवर नजर ठेवावयाची, हें काम बाहेरून दिसतें तितकें सोपें नाहीं. कोळसा एके ठिकाणीं दाट व दुसऱ्या ठिकाणीं विरळ पडला कीं वाफ उतरते आणि चढावर गाडी उभी राहते. फायरमननंतर शंटर, मग मालगाडीचा ड्रायव्हर, मग पॅसेंजरचा, आणि अखेर मेलगाडीचा, अशी ती पायरी होती. शिवाय रस्त्याची माहिती करून घेतल्याखेरीज कोणाहि ड्रायव्हराला नव्या भागांत गाडी चालवितां येत नसे. सिग्नल कोठें आहे, वळण कोठें लागतें, चढ कोठें सुरू होतो, हें सारें अंधारांतहि ठाऊक असावें लागे.

ही पायरी डोळ्यांपुढें ठेवल्यावर १९३० सालीं आजोबा डेक्कन क्वीन चालवीत असणें संभवत नाहीं, हें उघड होतें. नोकरीस लागून त्यांना अवघीं चार वर्षें झालीं होतीं. त्या काळीं मोठ्या मेलगाड्यांचीं इंजिनें बहुतेक युरोपियन व अँग्लो-इंडियन ड्रायव्हरांच्या हातीं असत. आजोबांच्या दाखल्यांत १९३० सालापुढें 'फायरमन' हाच शब्द आहे.

मग छायाचित्राचें काय? येथें इंजिनाच्या अंगावरील अक्षरें उपयोगीं पडतात. भिंगांतून पाहिल्यावर त्या इंजिनाच्या कुशीवरील पाटी वाचतां आली. तिच्यावर 'सर रॉजर लम्ली' असें नांव आहे. हें इंजिन जी. आय. पी. नें १९३० च्या सुमारास उतारूंच्या गाड्यांसाठीं आणलेल्या 'ई. ए. वन' वर्गाचें असून त्याचा नंबर ४००६. डेक्कन क्वीनला याच वर्गाचीं इंजिनें जोडीत. परंतु सर रॉजर लम्ली हे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले १९३७ सालीं! अर्थात् इंजिन जरी १९३० चें असलें तरी पाटी १९३७ नंतरची, आणि ज्या छायाचित्रांत ती पाटी दिसते तें छायाचित्रहि १९३७ नंतरचेंच असलें पाहिजे. इंजिनाचा जन्म आणि त्याचें बारसें यांत असें अंतर पुष्कळदां आढळतें. 'फेअरी क्वीन' हें प्रसिद्ध इंजिन १८५५ सालीं इंग्लंडांत लीड्स येथें तयार झालें, पण तें नांव त्याला १८९५ सालीं मिळालें. तेव्हां नांवाच्या पाटीवरून इंजिनाचें वय ठरवूं नये. छायाचित्राचें वय मात्र तिच्यावरून ठरवितां येतें.

आजोबांच्या नोकरीच्या चौथ्या वर्षाच्या आसपास त्यांच्या धंद्याचें स्वरूपच पालटलें. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबईहून कुर्ल्यापर्यंत पहिली विजेची गाडी धांवली होती. १९२९ च्या अखेरीस विजेची तार पुण्यापर्यंत पोंचली व लवकरच इगतपुरीपर्यंत गेली. या कामासाठीं रेल्वेनें कल्याणजवळ चोळा येथें स्वतःचें वीजघर बांधलें. घाटांतील मालगाड्यांसाठीं 'ई. एफ. वन' या वर्गाचीं ४१ इंजिनें घेतलीं. त्यांपैकीं १० स्वित्झर्लंडांत विंटरथूर येथें व ३१ इंग्लंडांत व्हल्कन फाउंड्रींत तयार झालीं. प्रत्येकाची शक्ति सुमारें २,६०० अश्वबळाची. या इंजिनांत माणसें उभीं राहण्याची खोली मधोमध असून तिच्या दोन्ही बाजूंस लांब, बुटकीं तोंडें आहेत, आणि मोटारींचा जोर आडव्या दांड्यांनीं चाकांपर्यंत जातो. युरोपांत अशा इंजिनाला मगर म्हणतात. आमच्याकडील रेल्वेच्या माणसांनीं त्याला 'खेकडा' म्हटलें. उतारावर याच मोटारी उलट वीज उत्पन्न करीत व ती वरच्या तारेंत परत जाई. त्यामुळें घाट उतरतांना ब्रेकांवरील भार पुष्कळच हलका होई. कोळशाच्या फावड्याची संवय असलेल्या माणसांना या यंत्रावर नव्यानें शिकावें लागलें. आजोबांच्या दाखल्यांत १९३३ सालीं 'फायरमन' जाऊन 'असिस्टंट ड्रायव्हर, इलेक्ट्रिक' असा हुद्दा येतो. त्या दोन शब्दांच्या मधल्या रेघेंत एक युग संपून दुसरें सुरू झालेलें आहे.

पेटींतील सर्वांत मोलाची वस्तु म्हणजे त्या सात वह्या. त्यांत दर दिवसाची एक ओळ आहे. तारीख, कामावर येण्याची वेळ, इंजिनाचा नंबर, कोठून कोठें, आणि सुटण्याची वेळ. १९४० नंतरच्या वह्यांत मला एक विचित्र गोष्ट दिसली. 'कर्जत ते लोणावळें, लोणावळें ते कर्जत' अशी जोडी एकाच दिवसांत दोनदोनदां, कधीं तीनदां येते. जो ड्रायव्हर गाडी घेऊन मुंबईहून पुण्यास जातो, त्याच्या वहींत असें असणार नाहीं. याचा अर्थ एकच निघतो. आजोबा गाडीच्या मागें जोडावयाच्या इंजिनावर, रेल्वेच्या भाषेंत 'बँकर'वर, काम करीत होते.

हें काम काय आहे तें कळण्यास घाट समजून घेतला पाहिजे. भोर घाटांत रस्ता सुमारें १६ मैलांत १,८३१ फूट चढतो, आणि सर्वांत कठीण ठिकाणीं दर ३७ फुटांस १ फूट असा चढ आहे. आगगाडीच्या दृष्टीनें हा चढ फारच तीव्र होय. लोखंडी रुळावर लोखंडी चाकाची पकड मुळांतच थोडी. पावसाळ्यांत रूळ ओले झाले कीं ती आणखी कमी होते. चाक जागच्या जागीं फिरूं लागलें तर गाडी पुढें जात नाहीं. शिवाय सारी गाडी एकट्या पुढच्या इंजिनानें ओढावयाची म्हटली तर सगळा ताण पहिल्या डब्यांच्या कड्यांवर येतो, आणि चढावर कडी तुटणें यासारखें संकट नाहीं. म्हणून कर्जतला जड गाडीच्या मागें इंजिनें जोडतात. तीं मागून रेटा देतात आणि लोणावळ्यास सुटीं होऊन परत येतात. पुढच्या व मागच्या ड्रायव्हरांनीं एकमेकांचें तोंड पाहिलेलें नसतें. त्यांचें बोलणें शिट्यांच्या ठराविक खुणांनीं चालतें. पुढच्यानें शिटी द्यावी, मागच्यानें उत्तर द्यावें, आणि मग दोघांनीं मिळून गाडी उचलावी. मागच्यानें घाई केली तर डबे चेपतात, उशीर केला तर कड्या ताणतात. बोगद्यांतून, धुक्यांतून, समोरचा रस्ता न दिसतां, केवळ गाडीच्या अंगाला हात लावल्यासारखा अंदाज घेऊन हें काम करावयाचें असतें.

हा शोध मीं घरांत सांगितला तेव्हां माझ्या काकांना तो रुचला नाहीं. त्यांचें वय त्या वेळीं ऐंशीच्या घरांत होतें. ते म्हणाले, "म्हणजे बाबा नुसतं मागून ढकलण्याचं काम करीत होते, असंच ना?" आपल्या वडिलांना कोणी खालच्या पायरीवर आणून बसविलें, असें त्यांस वाटलें. मीं कांहीं न बोलतां वह्या त्यांच्या हवालीं केल्या. आठ दिवसांनीं त्यांनीं मला बोलावून घेतलें. १९५० नंतरच्या एका वहींत संध्याकाळच्या फेरीपुढें 'डी. क्यू.' हीं दोन अक्षरें त्यांना ओळीनें कित्येक ठिकाणीं सांपडलीं होतीं. डेक्कन क्वीनला आजोबा खरोखरच घांट चढवून देत होते, मात्र मागून. आणि तीं अक्षरें पाहून काकांना लहानपणचें एक स्मरण झालें. त्या वेळीं बिऱ्हाड कर्जतला होतें. "संध्याकाळीं आधीं लांबून एक शिटी व्हायची, मग जवळून दुसरी. आई म्हणायची, दुसरी आपली." ही आठवण त्यांनीं पूर्वीं कधींच सांगितली नव्हती. वहींतील दोन अक्षरांनीं ती बाहेर काढली.

यावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते. कागद आणि आठवणी हीं एकमेकांशीं ताडून पहावीं, आणि घरांतील वृद्ध माणसें आहेत तोंवरच पहावीं. विशेषतः घरांतील स्त्रियांना विचारावें. ड्रायव्हराला कामावर बोलावण्यासाठीं अपरात्रीं 'कॉलमन' येई, दार ठोठावी आणि वहीवर सही घेऊन जाई. त्या हांकेसरशीं उठून डबा करून देणाऱ्या बाईला नवऱ्याच्या पाळ्या जितक्या पाठ असतील, तितक्या कोणत्याहि कचेरीला नसतील. आमची आजी म्हणे, "दोन भाकरी नेल्या तर रात्रीं घरीं, आणि लाइन-बॉक्स नेली तर दुसऱ्या दिवशीं." लाइन-बॉक्स म्हणजे ड्रायव्हराची बाहेरगांवीं न्यावयाची पेटी, ती निघाली म्हणजे मुक्काम रनिंग रूममध्यें. सेवेच्या दाखल्यांत हें कोठेंहि लिहिलेलें नसतें.

आतां इंजिनांच्या नंबरांविषयीं. येथें नवख्या माणसाची वाट चुकण्याचा संभव फार. जुन्या कंपन्यांनीं आपआपल्या पद्धतीनें इंजिनांना वर्ग व नंबर दिले होते. स्वातंत्र्यानंतर साऱ्या देशासाठीं एक पद्धत आली. तींत पहिलें अक्षर रुळांच्या रुंदीचें, दुसरें शक्तीच्या प्रकाराचें, तिसरें कामाचें. त्याप्रमाणें 'ई. एफ. वन'चें नांव 'डब्ल्यू. सी. जी. वन' झालें. डब्ल्यू म्हणजे रुंद रूळ, सी म्हणजे एकाच दिशेनें वाहणारी वीज, जी म्हणजे मालगाडी. 'ई. ए. वन'चें 'डब्ल्यू. सी. पी. वन' झालें, पी म्हणजे पॅसेंजर. वर्गाबरोबर नंबरहि बदलले. त्यामुळें एकाच माणसाच्या पहिल्या व शेवटच्या वहींत एकच इंजिन दोन निरनिराळ्या नांवांनीं आलेलें असूं शकतें. आपल्याकडील वहीचा काळ कोणता हें आधीं ठरवावें आणि मगच नंबर शोधावा. वाफेच्या इंजिनांच्या बाबतींत आणखी एक सावधगिरी अशी कीं, कारखान्यांत दुरुस्तीस गेलेल्या इंजिनांचे बॉयलर व सुटे भाग एकमेकांत बदलले जात. म्हणून इंजिनाच्या अंगावरील एकट्या पाटीवर विसंबूं नये. दांड्यांवर ठोकलेले आंकडेहि पहावे.

आमच्या वह्यांत निरनिराळ्या इंजिनांचे तीसांहून अधिक नंबर आहेत. विजेच्या इंजिनांत 'हें याचें, तें त्याचें' अशी वांटणी नसते. शेडमधून जें मिळेल तें घ्यावयाचें. त्या नंबरांत ४५०२ हा नंबर मला तीन ठिकाणीं सांपडला. हें इंजिन आज दिल्लीस चाणक्यपुरींतील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयांत आहे. १९२३ ते १९२८ या काळांत मुंबईचे गव्हर्नर असलेले सर लेस्ली विल्सन यांचें नांव त्यावर आहे. 'सर रॉजर लम्ली', म्हणजे आमच्या छायाचित्रांतील ४००६, तेंहि त्याच संग्रहालयांत आहे. १९७७ सालीं उघडलेल्या या संग्रहालयांत देशांतील निरनिराळ्या रेल्वेंचीं निवृत्त इंजिनें उघड्या मैदानांत उभीं आहेत. अरुंद रुळांच्या रेल्वेंत ज्यांचे वडील किंवा आजोबा होते त्यांनीं नागपूरचें मोतीबाग येथील संग्रहालय पहावें. तें २००२ सालीं सुरू झालें. म्हैसूर येथेंहि एक जुनें रेल्वे संग्रहालय आहे, आणि हरियाणांत रेवाडीच्या शेडमध्यें वाफेचीं इंजिनें आजहि चालत्या स्थितींत राखलीं आहेत.

परंतु जें वांचलें तें मोडींत गेलेल्याच्या मानानें फार थोडें, हें विसरतां कामा नये. १८५३ सालीं ठाण्याच्या गाडीला जीं तीन इंजिनें जोडलीं होतीं, आणि ज्यांचीं नांवें साहिब, सिंध व सुलतान अशीं परंपरेनें सांगतात, त्यांपैकीं एकहि आज उरलेलें नाहीं. चित्तरंजनच्या कारखान्यांतून १९५० सालीं वाफेचें पहिलें इंजिन 'देशबंधु' निघालें आणि १९७० सालीं रुंद रुळांचें शेवटचें 'अंतिम सितारा' निघालें. रुंद रुळांवरील नित्याची वाफेची वाहतूक १९९५ सालीं थांबली. विजेच्या जुन्या इंजिनांवरहि तीच पाळी आली. मुंबईच्या बाजूस दीड हजार व्होल्टची जुनी वीज जाऊन तिच्या जागीं पंचवीस हजार व्होल्टची दुसऱ्या प्रकारची वीज आली. मध्य रेल्वेवर हा बदल २०१६ सालीं पुरा झाला. ज्या तारेवर 'खेकडा' चालत असे ती ताराच आतां उरली नाहीं. संग्रहालयांतील इंजिन धडधाकट असलें तरी यापुढें तें आपल्या मूळच्या रस्त्यावर आपल्या बळावर चालणें नाहीं.

जुन्या रेल्वेच्या वस्तु विकत घेण्याचा छंद हल्लीं वाढला आहे, आणि त्याबरोबर खोट्या वस्तूंचा व्यापारहि. पितळेचा दिवा किंवा नांवाची पाटी नव्यानें ओतून तिला जुनेपणाचा रंग देणें फारसें कठीण नाहीं. खऱ्या पाटीची मागची बाजू खडबडीत असते, स्क्रूच्या भोकांच्या कडा घासलेल्या असतात, आणि वर्षानुवर्षांच्या पुसण्यानें अक्षरांचे कंगोरे बोथट झालेले असतात. घरांत खरी वस्तु असेल तर तिला चिंच-मीठ लावून चकचकीत करूं नये. काजळी आणि तेलाचे डाग हाच तिचा दाखला होय. वस्तूबरोबर ती कोणाची, कोठें व केव्हां वापरली, हें एका चिठ्ठीवर लिहून ठेवावें. बाजारांतील शंभर दिव्यांपेक्षां चिठ्ठी असलेला एक दिवा अभ्यासकाला अधिक उपयोगाचा असतो. वह्या व कागद प्लास्टिकच्या पिशवींत कोंडूं नयेत. त्यांचीं पानापानाचीं छायाचित्रें काढून तीं दोन निरनिराळ्या घरीं ठेवावींत.

घरच्या कागदांनीं भागलें नाहीं तर सरकारी दप्तरांकडे वळावें. मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतींतील महाराष्ट्र शासनाचें पुराभिलेखागार, दिल्लीचें राष्ट्रीय अभिलेखागार, आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींतील इंडिया ऑफिसचे कागद या तीन ठिकाणीं जुन्या रेल्वेंसंबंधीं पुष्कळ सामग्री आहे. मात्र तेथें काय मिळेल याची कल्पना असावी. जे लोक विलायतेंत करार करून इकडे नोकरीस आले, त्यांचीं नांवें लंडनच्या दप्तरांत ओळीनें सांपडतात. कल्याणच्या शेडमध्यें रोजावर लागलेल्या क्लीनर पोराचें नांव तेथें शोधून मिळणार नाहीं. भोर घाटाचें काम चालू असतां १८६१ सालीं तेथें ४२,००० हून अधिक मजूर खपत होते. मुख्य एंजिनियर जेम्स बर्कले यांचें नांव इतिहासांत आहे. त्या मजुरांपैकीं कितीकांचीं असतील?

माझ्या मतें या साऱ्या खटाटोपाचें कारण येथेंच आहे. दिल्लीच्या मैदानांत उभ्या असलेल्या त्या दोन इंजिनांवर दोन गव्हर्नरांचीं नांवें आहेत. त्या गृहस्थांनीं तीं इंजिनें कधीं चालविलीं नाहींत. ज्यांनीं तीं पावसांतून, रात्रीबेरात्रीं घाटांत चढविलीं, त्यांचीं नांवें लोखंडावर नाहींत; तीं असलींच तर कोणाच्या तरी माळ्यावरील वहींत, पेन्सिलीनें लिहिलेल्या ओळींत आहेत. संग्रहालयानें इंजिन राखलें म्हणजे अर्धें काम झालें. उरलेलें अर्धें संग्रहालयाच्या हातचें नाहीं, कारण तो कागद त्याच्याजवळ नाहीं. तो आपल्याजवळ आहे, आणि दर दिवाळीच्या साफसफाईंत त्यांतील कांहीं भाग रद्दीच्या तराजूंत जातो. इंजिनाच्या लोखंडाला गंज चढण्यास वर्षें लागतात. वही वजनावर जाण्यास एक सकाळ पुरते.

आमच्या वह्यांच्या नकला मीं ४५०२ च्या नंबराचा उल्लेख करून संग्रहालयाकडे पाठविल्या आहेत. मूळ वह्या काकांपाशीं आहेत. त्यांनीं पहिल्या वहीच्या कव्हरावर आजोबांचें नांव, जन्मसाल व 'बँकर ड्रायव्हर, कर्जत' एवढे शब्द स्वतःच्या अक्षरांत लिहिले आहेत. ज्यांच्या घरीं अशी पेटी असेल त्यांनीं पुढच्या साफसफाईपूर्वीं ती एकदां उघडावी, आणि शक्य तर घरांतील सर्वांत वडील माणसाला शेजारीं बसवून उघडावी, एवढीच माझी विनंति आहे.